आहेराच्या शर्टातला खुनी

"इतकी वर्षं टिकलास कसा रे या लाइनीत?" असं कुणी विचारलं की मला आधी रागच येतो. टिकलास म्हणजे? मी काय लोणचं आहे?

मी नट आहे, पडद्यावरचा. हिरो नाही आणि मोठा खलनायकही नाही. मी हवालदार असतो, तलाठी असतो, मुलीचा मामा असतो, दवाखान्यात चिठ्ठ्या फाडणारा कंपाउंडर असतो. माझं तोंड तुम्ही पुष्कळदा बघितलंय, नाव एकदाही विचारलेलं नाही. माझी त्याला काही हरकत नाही, घर त्यावरच चाललंय. आणि टिकण्याचं गुपित म्हणाल तर फार मोठं नाही. वेळेवर जायचं, वाक्यं पाठ करून जायचं, सेटवर याचं त्याला सांगायचं नाही, आणि कपडे धुऊन, इस्त्री करून न्यायचे. छोट्या नटाला कपडे कोण देतो? आपले आपण न्यायचे. या इस्त्रीच्या शर्टापायीच एकदा माझं ठरलेलं लग्न मोडायला निघालं होतं.

आमचं गाव किन्हवलीच्या बाजूला. गावाच्या कडेला आमच्या समाजाची वस्ती, वस्तीत समाजमंदिर, आणि त्या समाजमंदिरापुढच्या ओट्यावर दर जयंतीला नाटक. दारूबंदीचं, हुंडाबंदीचं, असलंच काहीतरी. त्यात चांगल्या माणसाचं काम करायला सगळे पुढे. दारूड्याचं, हुंडा मागणाऱ्या नवऱ्याचं काम कुणाला नको असायचं, कारण दुसऱ्या दिवशी विहिरीवर बाया तोंडावर टोमणे मारायच्या. ते काम माझ्या गळ्यात पडायचं. आणि खरं सांगतो, मला ते आवडायचं. चांगल्या माणसाला नाटकात करायला असतंच काय? नुसतं उभं राहून उपदेश करायचा.

पुढे एका एकांकिका स्पर्धेत काम बघून कुणीतरी मुंबईला बोलावलं. आधी गर्दीत उभा राहिलो. मग एका वाक्याचं काम. नव्वद सालच्या पुढची ती सगळी वर्षं अशीच गेली, आज आहे तर उद्या नाही. दोन हजार साल उलटलं आणि एका कार्यक्रमानं मला हात दिला. दर आठवड्याला एक गुन्हा, त्याची नाट्यरूपात गोष्ट. त्यांना नवी नवी तोंडं लागायची, पण काम येणारी. आम्हाला कामं देणारा जो कोऑर्डिनेटर होता तो म्हणाला, "तुझं तोंड कुणाच्या ध्यानात राहत नाही, हेच तुझं भांडवल. आज चोर हो, पुढच्या महिन्यात पोलीस हो. कोण ओळखतंय?" मी त्याच्यावर खूष. लाइनीत पहिल्यांदाच मला पुढच्या महिन्याचं काम या महिन्यात ठाऊक असायला लागलं.

बाबांना यातलं काही पटत नव्हतं. त्यांनी सारी हयात तानसाच्या धरणावर नोकरी केली होती. पगाराची नोकरी म्हणजे नोकरी, बाकी सगळे चाळे. "आसनगावला कंपन्या हायेत. लाग कुठं तरी. लोक इचारतात पोरगा काय करतो, मी काय सांगू? तोंड रंगवतो म्हणून?" असं ते जेवताना हमखास म्हणायचे, म्हणजे घास घशाखाली उतरायला नको.

तरीही मला मुलगी मिळाली. मुरबाड तालुक्यातली, बारावी झालेली, गावच्या बालवाडीत पोरांना शिकवणारी. बघायला गेलो तेव्हा तिनं मान वर करून विचारलं, "टीव्हीत तुमी काय करता?" मी म्हटलं, "मिळंल ते." ती हसली. तेवढ्यावर माझं झालं. सरळ सांगतो, मला ती मुलगी मनापासून आवडली होती, आणि घरी परत येताना एसटीत मी बाबांना ऐकू जाणार नाही असं गाणं म्हणत होतो.

साखरपुड्याला त्यांनी मला शर्टाचं कापड दिलं. फिकट निळं, बारीक चौकडीचं. आईनं शहापूरच्या शिंप्याकडे शिवायला टाकलं. माझ्याकडे धड शर्ट असे दोनच होते, त्यात हा तिसरा आणि सगळ्यात देखणा.

थोड्याच दिवसांत कोऑर्डिनेटरचा निरोप आला. "नवऱ्याचं काम आहे. कंपनीत कामाला जाणारा, नवं लग्न झालेला. हुंड्यापायी बायकोला जाळतो. साधे चांगले कपडे आण." आता नवं लग्न झालेला माणूस, त्याच्या अंगात नवा शर्ट नको? मी मोठ्या अकलेनं विचार केला आणि आहेराचा शर्ट इस्त्री करून पिशवीत घातला. कुणी म्हणेल, गाढवा, तुला कळलं नाही? नाही कळलं. मी भूमिकेचा विचार करत होतो, सासुरवाडीचा नाही.

काम मात्र झकास झालं. जाळतानाचं त्यांनी काही दाखवलं नाही, नुसता स्टोव्ह आणि धूर. खरा प्रसंग पुढचा होता. नवरा पोलीस चौकीत बसून रडतो, "साहेब, स्टोव्ह भडकला हो." रडणं खोटं, पण समोरच्या फौजदाराला खरं वाटलं पाहिजे. मी ते केलं. दिग्दर्शक नुसतं "पुढचा शॉट" म्हणाला. आमच्यात यापेक्षा मोठी शाबासकी नसते. जेवणाच्या सुट्टीत पावडर लावणारी बाई, जी एरवी मला हक्कानं लोणचं वाढायची, ती माझ्यापासून लांब जाऊन बसली. मी मनातल्या मनात उड्या मारल्या.

तो भाग दाखवला कधी ते मला माहीतही नव्हतं. आमच्या घरी टीव्ही बिघडलेला. एका शनिवारी सकाळी अंगणात मुलीचा मामा उभा. लग्न जमवणारा तोच, एरवी लांबूनच हसत येणारा. त्या दिवशी त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही.

"उद्या सकालच्याला पोराला घेऊन या," तो बाबांना म्हणाला. माझ्याकडे बघायलाही तयार नाही. "चार माणसांत काय तो खुलासा करा. नाय आलात तर आमी तुमची साखरपुड्याची साडी परत धाडतो."

"अवो पण झालं काय?"

"काय झालं ते पोराला इचारा. अख्ख्या गावानं बघितलंय."

तो गेला आणि दुपारी फोन असलेल्या किराणावाल्यानं मला हाक मारली. कोऑर्डिनेटर होता. रोजच्या मालिकेत ड्रायव्हरचं काम, घरातला जुना माणूस, चालू राहणारं. "सोमवारी सकाळी पोच. आला नाहीस तर माझ्याकडे दुसरा उभा आहे." मी "येतो" म्हणून फोन ठेवला. इतकी वर्षं ज्या कामाची वाट बघितली ते आलं होतं, आणि मला धड आनंदही होईना.

रविवारी आम्ही निघालो. बाबा, वस्तीतले एक वयस्क काका आणि मी. किन्हवलीहून मुरबाडच्या एसटीत बाबा मुद्दाम पुढच्या बाकावर जाऊन बसले. काका मध्येच म्हणायचे, "तू काय बी बोलू नको. आमी बोलतो. तुझं त्वांड लय चालतं." मी हो म्हणालो. मुरबाडहून पुढे जीप, मग चाल. तिच्या गावात शिरलो तर पाण्यावरून येणाऱ्या दोन बाया थबकल्या, एकीनं कडेवरचं पोर दुसऱ्या बाजूला घेतलं. मी आयुष्यात पहिल्यांदा ओळखला गेलो होतो.

त्यांच्या ओटीवर सतरंज्या घातल्या होत्या. एका बाजूला तिचे वडील, खाली मान घालून. शेजारी मामा. त्यांच्या समाजाची चार-पाच माणसं. आणि आतल्या दाराच्या चौकटीला टेकून तिची आत्या बसली होती. दार अर्धं लोटलेलं, आत बायकांची कुजबुज.

"आमी अडाणी हाव," मामानं सुरुवात केली, म्हणजे आता धुलाई होणार हे कळलंच. "पण आमाला डोले हायेत. ठाणे जिल्ह्यातल्या गावात घडलं म्हनं. कंच्या गावात? गावातली लोकं मला इचारतात, जावयाची पयली बायको कधी गेली?"

"अरे बाबा, नाटक हाय त्ये!" काका म्हणाले. "खाली लिवून येतं, नाट्य रूपांतर."

"आमच्या टीव्हीत अक्षरांच्या मुंग्या व्हतात. त्वांड नीट दिसतं. आन् शर्ट दिसतो." तो आता माझ्याकडे वळला. "शर्ट कुनाचा व्हता रे?"

"तुमचाच," मी म्हणालो.

"आमच्या आहेराच्या शर्टात बाई जाळलीस तू! दुसरा शर्ट नव्हता?"

"चांगला असा नव्हता."

आतून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मलाही क्षणभर वाटलं, चला, हसण्यावारी जातंय. मी तोंड उघडणार होतो, एवढ्यात आत्या बोलली. आवाज अगदी हळू होता, त्यामुळे सगळे पुढे वाकले.

"शर्टाचं ऱ्हाऊ दे. तू पोलिसाला जे सांगत व्हतास ना, स्टोव्ह भडकला, मी भाइर व्हतो, पलत आलो... त्ये तुला कुनी शिकवलं?"

"लिहून दिलेलं असतं, आत्या."

"लिवून देत्यात. आन् रडनं?"

मी सतरंजीचा सुटलेला दोरा ओढायला लागलो.

"माझी लेक गेली तवा जावई असाच रडला व्हता. आमच्यासमोर, पोलिसासमोर. अगदी असाच. आमी त्याला पानी पाजलं. पाठीवर हात फिरवला त्याच्या मी. ह्या हातानं." तिनं हात पुढे केला आणि परत पदराखाली घेतला. "परवा तुला बघितला आन् मला वाटलं, त्योच बसलाय."

मला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. लग्न जमवताना असल्या गोष्टी कोण सांगतं? ज्या कामावर मी इतका फुशारलो होतो ते या बाईच्या घरात येऊन असं बसलं होतं, आणि त्यात माझी चूक काय आणि बरोबर काय हे मला त्या क्षणी सांगता येईना. आजही नीट सांगता येत नाही.

मामानं घसा खाकरला. "तर आमचं म्हननं एकच. पोरगी द्यायला आमची ना नाय. पोरानं चार मानसांत सबूद द्यावा, ही कामं आजपासून बंद. आसनगावला कंपनीत माझी वलख हाय, उद्याच चिकटवतो."

उद्याच. सोमवारी.

"सोडंल तो," बाबा म्हणाले. मी हादरलो. मला न विचारता, माझ्याकडे न बघता. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता, जसं काही त्यांचंच ओझं कुणी उतरवून घेतलं. "माझा सबूद. उद्यापास्नं बंद."

"नाय सोडणार," मी म्हणालो.

काकांनी माझी मांडी दाबली. बाबांनी मान वळवली. त्यांचा हात उठलेला मी बघितला, तो कसाबसा खाली गेला, माणसं होती म्हणून.

"काय म्हनला?" मामा.

"काम सोडणार नाय. मला ही मुलगी पायजे. लय पायजे. पण मी कंपनीत जाऊन रोज घरी येऊन सोडलेल्या कामासाठी चडफडणार, आन् मग त्याचा राग कुनावर काढणार? हिच्यावरच ना? शर्टाची चूक झाली, पाया पडून माफी मागतो. आत्यांची तर दहादा मागतो. कामाची नाय मागणार." काकांना दिलेला शब्द मी असा पाळला.

ओटीवर एकदम गलका झाला. "मस्ती बघा!" "असल्याच्या घरी पोर द्यायची?" बाबा उभे राहिले, परत बसले. तिचे वडील अजून एक शब्द बोलले नव्हते. ते आता नुसतं म्हणाले, "साडी आना गो भाइर."

संपलं. इतकं बोलून चुकलो होतो आणि तरी त्यातला एक शब्द मागे घ्यायला तयार नव्हतो, याची मला स्वतःचीच चीड आली.

दार उघडलं. साडी घेऊन ती स्वतःच बाहेर आली. साखरपुड्याला आम्ही दिलेली, समाजाच्या रीतीप्रमाणे पांढरी साडी, घडीही मोडलेली नाही. सगळे तिच्याकडे बघत राहिले, कारण असल्या बैठकीत मुलगी कधी बाहेर येत नाही. तिनं साडी माझ्यापुढे ठेवली नाही. आपल्याच पायाशी ठेवली आणि खाली बसली.

"मी टीव्हीत बघितलं नाय," ती म्हणाली. "मी बालवाडीच्या कामाला तालुक्याला गेलेली. सगल्या गावानं बघितलं आन् जिचं लगीन हाय तिनंच नाय. मला बघायचंय."

"काय बघायचंय?" मामा ओरडला.

"त्येच. पोलिसापुढचं." ती माझ्याकडे वळली. "करून दाखवा."

"इथं?" मी म्हटलं. "आत्यांच्या समोर?"

आत्या म्हणाली, "कर."

कामात मी डोळ्यांत ग्लिसरीन घातल्याशिवाय कधी रडलो नव्हतो. समोर दिवा नाही, फौजदार नाही, वाक्य विसरलं तर परत घेणं नाही. चुकलो तर मुलगी गेली, आणि बरोबर केलं तरी गेली. मी मामाला फौजदार मानलं आणि सुरुवात केली. "साहेब, स्टोव्ह भडकला हो. मी बाहेर होतो. आवाज ऐकून धावत आलो, तोवर..." पहिलं वाक्य कोरडं गेलं. दुसऱ्याला आवाज लागला. तिसऱ्याला मी तो नवरा झालो. हात जोडले, मामाकडे बघितलं, त्याच्या शेजारच्याकडे बघितलं, तिच्या बापाकडे बघितलं, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मामा, जो मला सोलायला बसला होता, त्याचा हात नकळत माझ्या खांद्याकडे आला. मी आयुष्यात इतकं चांगलं काम केलं नव्हतं.

आत्याच्या तोंडून एक आवाज निघाला. रडण्याचा म्हणावा तर तसा नाही. ती उठली, चौकट धरून धरून आत गेली, आणि आत कुठेतरी भांडं पडलं.

मी थांबलो. आणि मग मला जे रडू आलं ते आवरेना. त्या बाईनं ज्याच्या पाठीवरून हात फिरवला होता तो माणूस मी तिच्या ओटीवर आणून बसवला होता. माणसांकडे बघवेना. मी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि बाहीनं डोळे पुसत बसलो. बाबांनी हळूच आपला रुमाल माझ्या मांडीवर टाकला.

"मामा," ती म्हणाली, "बघितलंस?"

"काय बघायचंय त्यात?"

"मगाशी रडत व्हते तवा सगल्यांकडं बघत व्हते. कोन फसतोय, कोन नाय. तू फसलास. आता रडतात तर कुनाकडं बघवत नाय त्यांना. त्वांड लपवलंय."

चौकीतल्या त्या खोट्या रडण्यात मी हेच घातलं होतं, रडता रडता समोरच्यावर नजर ठेवायची. दिग्दर्शकाला ते दिसलं नव्हतं, कोऑर्डिनेटरला दिसलं नव्हतं. मी कुणाला बोललोही नव्हतो.

"आत्याच्या ताईनं तिच्या नवऱ्याचं खोटं त्वांड कधी बघितलंच नाय," ती पुढे म्हणाली, आणि आता तिचाही आवाज हलला. "बघितलं तवा लय उशीर झाला. मी लग्नाच्या आदीच बघितलं. घरात कधी दिसलं तर वलखीन."

"म्हंजे लगीन करनार तू?" तिच्या वडिलांनी मान वर केली.

"करनार."

मामा अजून हार मानेना. "आन् काम? त्ये तरी सोडायला सांग की त्याला."

ती साडी उचलून उठली.

"करू दे काम. काम सोडलं तर ह्ये खोटं त्वांड वापरायला त्यांना घरच ऱ्हाईल."

कुणी हसलं नाही. ती आत आत्याजवळ गेली. बाहेर मामानं बाबांकडे बघितलं, बाबांनी माझ्याकडे. मी अजून भिंतीकडेच तोंड करून बसलो होतो.